फॅशन इव्हेंट्स आणि पीआरमधली इंटर्नशिप: आत नेमकं काय चालतं?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॅशनचे इव्हेंट आणि पीआर (म्हणजे ब्रँडची प्रसिद्धी) करणाऱ्या एका एजन्सीत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. विचारलं काय, तर "एक्सेल येतं का?" आणि "दिवसभर उभं राहायची सवय आहे का?" फॅशनबद्दल अवाक्षर नाही. मी आदल्या रात्री बसून डिझायनरांची नावं पाठ केली होती, ती तशीच डोक्यात राहिली.

कामाच्या यादीत पहिलंच लिहिलंय "सॅम्पल ट्रॅफिकिंग". ते वाचून बाबांच्या भुवया वर गेल्या त्या अजून खाली आलेल्या नाहीत. मैत्रिणींना वाटतंय मी रोज रॅम्पच्या कडेला बसणार. कोणी हे काम केलं असेल तर खरं सांगा: शिकायला मिळतं की नुसती हमाली? आणि शो बघायला मिळतो का?

उलटा_आरसा

शो बघायला मिळत नाही. ऐकू येतो.

उसवलेली_शिवण

उभं राहायची सवय आहे का, हा त्या मुलाखतीतला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न होता. त्याचे मार्क त्यांना द्या.

मी दोन सीझन काढलेत, जवळपास सात महिने. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे कोणाची भीड नाही.

आधी बाबांच्या भुवया खाली आणू. सॅम्पल ट्रॅफिकिंग म्हणजे कपड्यांची ने-आण आणि तिचा हिशेब. नवं कलेक्शन दाखवायचं तेव्हा डिझायनरकडे बहुतेक कपड्यांचा एकच नग तयार असतो, मॉडेलच्या मापाचा. तोच सॅम्पल. दुकानात माल यायला अजून काही महिने असतात. मधल्या काळात मासिकांचे स्टायलिस्ट, नटनट्यांचे स्टायलिस्ट, सगळ्यांना तोच एक नग हवा असतो आणि सगळ्यांना गुरुवारीच हवा असतो. कोणाला द्यायचा, किती दिवस, कोणाच्या आधी, हे वरचे लोक ठरवतात, आणि खरं सांगायचं तर पीआरचं निम्मं राजकारण तिथेच असतं. ठरल्याप्रमाणे तो गेला का आणि परत आला का, हे तुमच्या गळ्यात.

सकाळी गेल्या गेल्या परत आलेल्या गार्मेंट बॅगा उघडायच्या. डॉकेटवर, म्हणजे बॅगेबरोबरच्या नगांच्या यादीवर, चौदा नग, बॅगेत तेरा. चौदावं असतं एक कानातलं. अर्धा तास सगळ्यांना फोन करून झाल्यावर ते त्याच बॅगेतल्या जाकिटाच्या खिशात सापडतं. (खिसे आधी बघायचे. हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं.) मग नव्या मागण्या: रॅकवरून लुक (म्हणजे शोमधला एक नंबर दिलेला पोशाख) काढायचा, फोटो काढायचा, स्टीम करायचा, डॉकेट लिहायचं, कुरियरला द्यायचा, शीटमध्ये नोंद. दुपारी कव्हरेज गोळा करायचं, म्हणजे आपल्या ब्रँडचं नाव कुठे कुठे छापून आलं त्याची कात्रणं आणि स्क्रीनशॉट. संध्याकाळी मीडिया लिस्ट. निम्म्या पत्रकारांनी नोकरी बदललेली असते, त्यामुळे ती यादी कधीच पूर्ण होत नाही.

स्टीमिंगला हसू नका, ते हातात बसायला वेळ लागतो. स्टीमर सुरू केल्यावर पहिला मिनिटभर कपड्यापासून लांब धरायचा, कारण तो आधी पाण्याचे थेंब थुंकतो. सिल्क आतल्या बाजूने. मखमल उलट बाजूने, आणि दाबायची तर अजिबात नाही, लव बसते ती उठत नाही. प्लास्टिकच्या टिकल्या असतील तर वाफ नकोच, त्या आक्रसून वळतात.

आता माझी फजिती. तिसरा आठवडा. हस्तिदंती रंगाचा सिल्कचा शर्ट, लुक नंबर ९, एका शूटवरून परत आला. कॉलरच्या आत फाउंडेशनचा डाग, नखाएवढा. नियम असा की कपडा बाहेर जाताना कॉलर, कफ, खालची कड आणि चेन यांचे फोटो काढायचे. त्या दिवशी कुरियरवाला दारात उभा होता, म्हणून मी फक्त समोरून एक फोटो काढून बॅग दिली होती. वर आणखी शहाणपण: कोणी बघायच्या आत ओल्या टिश्यूने डाग पुसायला गेले. नखाएवढ्या डागाभोवती तळहाताएवढं पाण्याचं कडं उमटलं. सिल्कवर पाणी पडलं की असं होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

आमची मॅनेजर ओरडली नाही. कॉलर उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "जाताना फोटो?" मी म्हटलं, नाही. "मग डाग आपला." झालं. ड्रायक्लीनिंगचा खर्च एजन्सीच्या खात्यावर गेला. दुसऱ्या दिवशी ज्या स्टायलिस्टला तो शर्ट जायचा होता तिला लुक १२ पाठवला. तिला तो नको होता आणि ते तिने मला फोनवर बराच वेळ समजावून सांगितलं. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत मी बटणांचेसुद्धा फोटो काढले.

शोचा दिवस वेगळाच. शो संध्याकाळचा, तरी आम्हाला पहाटे पाचचा कॉल टाइम. शो स्वतः दहा-पंधरा मिनिटांचा, तोही बहुधा अर्धा तास उशिरा सुरू होणारा. मागच्या बाजूला प्रत्येक मॉडेलचा वेगळा रॅक. रॅकवर तिचा फोटो, तिचे लुक, कुठला दागिना कुठल्या हातात, सगळं लिहिलेला कागद. ड्रेसर म्हणून उभं केलं तर मिनिटभरात एक पोशाख उतरवून दुसरा चढवायचा, आणि तेव्हा मागची चेन अडकतेच. बूट बऱ्याचदा उसने आणलेले, म्हणून तळव्यांना आधी टेप लावतात, ओरखडा पडू नये म्हणून. पहिल्या सीझनला शो संपल्यावर मी बेचाळीस जोड्यांच्या तळव्यांची टेप नखांनी सोलत बसले होते. समोर पार्टी चालू होती. संगीत छान होतं. वरचे आरसेवाले बरोबर सांगतायत, ऐकू येतं.

एक मात्र बोलते, कारण "पीआर म्हणजे फॅशनच्या कडेचं काम" असं ऐकून माझे कान किटलेत. फॅशन वीक हा प्रकार मुळात पीआरवालीनेच उभा केला. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये एलेनॉर लँबर्ट या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या बाईने "प्रेस वीक" भरवला. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात, अमेरिकन संपादकांना तिकडचे शो बघायला जाता येईना. तिने तीच वेळ साधली आणि पत्रकारांना एकत्र बोलावून अमेरिकन डिझायनरांचं काम दाखवलं. नावातच बघा, आठवडा कपड्यांचा नव्हता, प्रेसचा होता. पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या ठेवताना मला हे माहीत असतं तर कंबर जरा कमी दुखली असती.

कोरी_वही

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. मला अहोजाहो नका हो करू. बाबांना वाचून दाखवलं, भुवया खाली आल्या. पण आता त्यांचा दुसरा प्रश्न: स्टायपेंड नाही, फक्त प्रवासखर्च देणार आहेत. हे सगळीकडे असंच असतं का?

कलम_आणि_कागद

मी फॅशनमधला नाही, कामगार कायद्यातला आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो. "अनुभव मिळेल" हा पगार नव्हे. नियम प्रत्येक देशात वेगळे, पण वादाचं मूळ सगळीकडे एकच: इंटर्न शिकतोय, की कर्मचाऱ्याचं काम फुकट करतोय? अमेरिकेत २०१३ साली कॉन्डे नास्ट या मासिकांच्या कंपनीवर दोन माजी इंटर्ननी तुटपुंज्या मोबदल्यावरून दावा लावला. कंपनीने त्याच वर्षी इंटर्नशिप बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा प्रश्न विचारायला लाजू नका. तास किती, सुट्टी कधी, काम कोणाच्या हाताखाली, नग हरवला तर भरपाई कोणाची, हे ईमेलवर लेखी मागा. शेवटचं विशेष महत्त्वाचं.

उसवलेली_शिवण

कलमराव बरोबर बोलले, विशेषतः भरपाईचं. माझ्या शर्टाचा खर्च एजन्सीने उचलला, सगळीकडे तसं होईलच असं नाही.

पैशांचं माझं मत कडक आहे. मला पहिल्या सीझनला काहीच मिळालं नाही आणि मी ते "संधी" म्हणून गिळलं, कारण घरच्यांना परवडत होतं. माझ्याबरोबरच्या एका मुलीला परवडत नव्हतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, पाचव्या आठवड्यात सोडून गेली. त्यामुळे वही, तीन महिने पदरचं घालून निभणार असेल तरच जा, आणि तारीख संपली की "अजून एक सीझन थांब ना" याला पगाराशिवाय होकार देऊ नकोस. मी दिला होता. दुसऱ्या सीझनला हातात पडलं ते दुपारच्या जेवणापुरतं.

शिकायला काय मिळतं हे राहिलंच. सीटिंग चार्ट करताना जिथे बसायला मिळेल तिथे बस. मी तिथे सगळ्यात जास्त शिकले. कोणता संपादक कोणाशेजारी बसणार नाही, खरेदीदाराला कोपऱ्यात का टाकायचं नाही, कालपर्यंत दुसऱ्या रांगेतला माणूस आज पहिल्या रांगेत का आला, हे कुठल्या पुस्तकात नसतं. आणि ती यादी शोच्या अर्धा तास आधीपर्यंत बदलते. हातातली प्रिंट कितव्या वेळेची आहे ते वर कोपऱ्यात पेनने लिहून ठेव. दोघी इंटर्न दोन वेगवेगळ्या प्रिंट घेऊन दारात उभ्या राहिल्या की काय होतं ते मी पाहिलंय.

कव्हरेज रिपोर्ट करताना एक रकाना दिसेल: एवढ्याच जागेची जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते. हा आकडा म्हणजे पीआरची किंमत नव्हे, असं या धंद्यातल्या संघटनांनीच २०१० मध्ये बार्सिलोनात ठरवलं. तरी क्लायंट मागतो आणि एजन्सी देते. तू गुपचूप भर, पण त्यावर विश्वास ठेवू नकोस.

सामान: काळे कपडे (मागे वावरताना फोटोत दिसायचं नसतं), सपाट बूट, सेफ्टी पिना, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पॉवर बँक. अंगठ्या, ब्रेसलेट घरी. नेटच्या कपड्यात एकदा खडा अडकला की दिवस गेला.

आणि हो, शो बघायला मिळतो. कधीतरी. येतो म्हणणारे सगळे येत नाहीत, आणि दिवे मंद व्हायच्या आत पुढची रिकामी खुर्ची फोटोत दिसता कामा नये. दुसऱ्या सीझनला असंच मला कोणीतरी पाठीवर हात ठेवून दुसऱ्या रांगेत ढकललं. मांडीवर क्लिपबोर्ड, कानात हेडसेट. अकरा मिनिटं बसले. पूर्ण वेळ लुक ३१ चा पट्टा उलटा बांधलाय एवढंच मला दिसत होतं.

उलटा_आरसा

माझं वरचं वाक्य मागे घेतो. मला कधी कोणी ढकललं नाही.

कोरी_वही

कलमदादा, तुम्ही सांगितलेलं सगळं ईमेलवर विचारलं. तास आणि सुट्टीचं उत्तर आलं. भरपाईबद्दल "असा प्रसंग सहसा येत नाही" असं आलंय, म्हणून परत विचारलंय. तेवढं लेखी मिळालं की सोमवारपासून जाणार.

शिवणताई, एक राहिलं. त्या शर्टाचं पुढे काय झालं?

उसवलेली_शिवण

फाउंडेशन निघालं, पाण्याची कड राहिली. डॉकेटवर "कॉलर आत दुमडून घालावी" अशी सूचना लिहून तो आणखी सहा शूटना गेला. एका मासिकात पानभर फोटो आला, कॉलर दुमडलेली. क्लायंटला फार आवडलं.