फील्ड पोस्टिंग आणि लेकीचा ताबा: जाण्याआधी काय करून ठेवू?

लेकीची_आई:
घटस्फोटाला तीन वर्षं झाली. लेक सात वर्षांची, ताबा माझ्याकडे. मी सैन्यात आहे आणि आता फील्डला बदली आलीय, तिथे कुटुंब नेता येत नाही. तिला माझ्या आईकडे ठेवावं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, "तू नसशील तर ती माझ्याकडे." माणूस वाईट नाही, पण एकदा गेलेली लेक परत मिळेल ना, याचीच धास्ती आहे.

ऑलिव्हग्रीन:
ताई, आईच्या घरावर फार विसंबू नका. बाबा नैसर्गिक पालक, आजीपेक्षा त्यांचं पारडं जड. त्यांच्याशी बोलून तात्पुरती व्यवस्था ठरवा आणि संमतीने कोर्टात नोंदवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा जुना आदेश बदलून मिळतो. 'पीस स्टेशनला (म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा पोस्टिंगला) परतल्यावर ताबा पूर्ववत' हे त्यात हवंच. मी शहाणा, स्टँप पेपरवर सह्या करून निघालो. दोन वर्षांनी आलो तर पोरगा त्याच्या आईकडच्या शाळेत रुळलेला. कोर्ट मुलाचं हित बघतं, माझा कागद बाजूलाच राहिला.

काळा_कोट:
सहमत. कोणी १९२५ च्या इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्टचं नाव सांगेल. विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याने थांबवता येतो, पण नुसती बदली त्याला पुरत नाही. शिवाय दावा थांबला तरी तोवर मूल कुठे राहणार, हा प्रश्न उरतोच. व्हिडिओ कॉल मात्र आदेशात लिहून घ्या. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबरच असा संपर्कही महत्त्वाचा मानलाय.

फौजीची_पोर:
कॉलची वेळ ठरवाल, तसं नेटवर्क नसेल त्या दिवशी काय, हेही लेकीला आधीच सांगा. रविवारी बाबांचा फोन यायचा. नाही आला की मी रिसीव्हर उचलून टोन येतोय का बघत बसायचे. आईने 'लाइन नसेल गं' एवढं जरी आधी सांगितलं असतं!

लेकीची_आई:
आत्ताच बोलले त्यांच्याशी. परतीचं लिहून द्यायला तयार आहेत. अट एकच, मी परत आल्यावर शाळेच्या सुट्ट्यांतले निम्मे दिवस त्यांचे. चालेल का?

ऑलिव्हग्रीन:
चालेल काय, पळेल! फक्त फील्डवरून तुम्ही रजेवर याल ते दिवस वेगळे लिहून घ्या. आणि तारखा घालू नका, रजा कधी मंजूर होईल नेम नाही.