मदत हवी आहे: सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण बिलिंग मध्येच बंद पडतं

नमस्कार मंडळी. आमचं औषधांच्या होलसेलचं दुकान आहे. मी तिथे अकाउंट्स बघते. दोन वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला, तेव्हापासून दुकानाचा आयटी विभागही मीच.

मागच्या खोलीत एक विंडोजचा सर्व्हर आहे, बिलिंगचा सगळा डेटा त्यावरच. सात कॉम्प्युटर, १६ पोर्टचा स्विच, नेटचा राउटर आणि त्याचंच वायफाय. सर्व्हरला पत्ता हाताने दिलेला आहे: १९२.१६८.१.५०.

गेले तीन आठवडे साडेअकरा वाजले की काउंटरवरचं बिलिंग "सर्व्हर सापडत नाही" म्हणून बसतं. रोज नाही, बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि सगळीकडे एकदम नाही. काल २ आणि ४ नंबर ठप्प, मधला ३ नंबर मजेत बिलं काढत होता. मेडिकलवाल्यांची पोरं पिशव्या घेऊन उभी, फोनवर ऑर्डरी चालू, आणि मालक काही न बोलता माझ्याकडे बघतायत. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरळीत.

केबल बदलून पाहिल्या. स्विच बंद-चालू केला. फायरवॉल दहा मिनिटं बंद ठेवून पाहिली. सर्व्हर रिस्टार्ट केला की कधी लगेच चालतं, कधी नाही. एकदा तर रिस्टार्टनंतर सर्व्हरचा पत्ताच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी भलताच दिसत होता. सर्व्हिसवाला म्हणतो स्विच गेलाय, नवा घ्या.

बंद असताना २ नंबरवरून सर्व्हरला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली), तर उत्तर येतंय:

१९२.१६८.१.५० कडून उत्तर: बाइट्स=३२ वेळ=८७ मिलिसेकंद टीटीएल=६४
१९२.१६८.१.५० कडून उत्तर: बाइट्स=३२ वेळ=११२ मिलिसेकंद टीटीएल=६४

म्हणजे नेटवर्क ठीक आहे ना? मग बिलिंग का चालत नाही? नवा स्विच घ्यायच्या आधी कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १ (तारेवरची कसरत)

ताई, केबल कुठून गेल्यात ते बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे केबल फ्रीजच्या मागून गेली होती, उंदरांनी कुरतडलेली. होलसेल मेडिकल म्हणजे तुमच्याकडेही इन्सुलिनचा फ्रीज असणार. गिगाबिटला चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तुटली तर लिंक १०० एमबीपीएसवर उतरते किंवा सारखी तुटते-जुळते.

प्रतिसाद २ (पॅचकॉर्ड)

केबल असती तर वार बघून बिघडली नसती.

ताई, तुमचा तो पिंग परत वाचा. एकाच स्विचवरच्या तारेच्या सर्व्हरला ८७ मिलिसेकंद? तिथे एकच्या आत यायला हवं. आणि टीटीएल, म्हणजे पाठवणारा लावतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरला एकने कमी होतो तो आकडा, ६४. विंडोज मूळ १२८ टीटीएल लावून पाठवतं. सर्व्हर त्याच नेटवर्कवर आहे, मध्ये राउटर नाही, म्हणजे काउंटरवर १२८ च दिसायला पाहिजे. ६४ हा लिनक्सचा, अँड्रॉइडचा आकडा. तुम्हाला उत्तर मिळालं खरं, पण तुमच्या सर्व्हरकडून नाही. त्याचाच पत्ता घेऊन दुसरंच कुणीतरी बसलंय, आणि वेळ बघता ते वायफायवर आहे.

१६९.२५४ पण त्यामुळेच. तो पत्ता सहसा राउटरकडून पत्ता न मिळालेल्या मशीनवर दिसतो. तुमच्याकडे तर हाताने दिलेला आहे, मग सर्व्हर का सोडेल? चालू होताना तो विचारतो, "५० कुणाकडे आहे का?" कुणी "माझ्याकडे" म्हटलं की विंडोज तो पत्ता वापरतच नाही.

पुढच्या वेळी बंद पडलं की स्विचला हात लावू नका. २ आणि ३ नंबरवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) "एआरपी -ए" टाका, कोणता पत्ता कुठल्या मशीनचा समजला जातोय ती यादी येईल. त्यात ५० समोरचा फिजिकल पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दोन्हीकडे ताडून बघा. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ४१९९ (एकाच पत्त्यावर दोघं आल्याची नोंद) शोधा. आणि एक सांगा, महिन्या-दोन महिन्यांत काय बदललं?

धागाकर्ती

काहीच बदललं नाही हो.

धागाकर्ती

थांबा. दीड महिन्यापूर्वी फायबर घेतलं, तेव्हा कंपनीच्या माणसाने जुना राउटर काढून त्यांचा लावला. पण नेट तर चांगलं चालतंय!

प्रतिसाद ३ (पॅचकॉर्ड)

"काहीच बदललं नाही" नंतर दुसरा प्रतिसाद येतोच, म्हणून वाट बघत होतो. राउटरच्या पानावर डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बघा: पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतोय आणि लीज, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत, किती दिवसांची आहे.

प्रतिसाद ४ (जुनाजाणता)

विंडोज अपडेट बंद करा, सगळे प्रश्न सुटतील.

धागाकर्ती (शुक्रवार)

सापडलं! अकरा पस्तीसला २ नंबर बंद पडला. मालकांना म्हटलं पाच मिनिटं द्या, कुणी काही बंद-चालू करू नका. ३ नंबरवर ५० समोर सर्व्हरचा खरा फिजिकल पत्ता. २ नंबरवर त्याच ५० समोर भलताच, "डीए-४१" ने सुरू होणारा. ४१९९ च्या एकोणीस नोंदी निघाल्या, पहिली तीन आठवड्यांपूर्वीची, आणि प्रत्येकीत हाच डीए-४१.

राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळे पत्ते वाटतोय, लीज सात दिवसांची. यादीत त्रेपन्न उपकरणं! आमचे सात कॉम्प्युटर, बाकी मोबाईल. तळमजल्यावर रेंज येत नाही म्हणून वायफायचा पासवर्ड काउंटरच्या काचेवरच चिकटवलाय. ५० समोर एका मोबाईलचं नाव आहे.

पण मग पहिले तीन आठवडे काहीच कसं झालं नाही?

प्रतिसाद ५ (पॅचकॉर्ड)

फिजिकल पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला असा बनवलेला पत्ता दाखवतात. म्हणजे मोबाईलच.

राउटर खालून ओळीने वाटत गेला असणार. जो येतो त्याचा पत्ता सात दिवस अडकून राहतो, म्हणून गर्दी वाढत ५० पर्यंत पोचायला वेळ लागला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला दर वेळी तोच पत्ता परत मिळतो. दोघंही "५० मीच" म्हणतात. २ नंबरने फोनचं ऐकलं, ३ नंबरने सर्व्हरचं. स्विच बिचारा निर्दोष.

वाटप १०० ते २०० एवढंच ठेवा, राउटर रिस्टार्ट करा. सर्व्हर ५० वरच राहू दे. प्रिंटरचे पत्ते हाताने दिले असतील तर तेही १०० च्या खाली आणा. आणि लोकांसाठी गेस्ट वायफाय वेगळं काढा. औषधांच्या बिलांचा सर्व्हर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे मोबाईल एकाच नेटवर्कवर, हे मला त्या पत्त्याच्या भांडणापेक्षा जास्त खटकतंय.

धागाकर्ती (पुढचा मंगळवार)

एकदाही बंद पडलं नाही. तो मोबाईल ट्रान्सपोर्टच्या पोराचा निघाला. मंगळवार-शुक्रवार पार्सलं घेऊन येतो आणि सही मिळेपर्यंत बाकावर बसून रील्स बघतो. त्याला काही बोलले नाही, त्याची काय चूक. सर्व्हरवर पट्टी चिकटवलीय: "५०. राउटर बदलल्यास आधी मला सांगा."

स्विचचं कोटेशन परत पाठवलं. पॅचकॉर्ड, तुमचे आभार कसे मानू!

एकच नवी भानगड. काचेवर गेस्टचा पासवर्ड लावल्यापासून मालकांना मोबाईलवर दुकानातले कॅमेरे दिसत नाहीत. सकाळपासून चौथ्यांदा विचारून गेले.

प्रतिसाद ६ (पॅचकॉर्ड)

त्यांनीही काचेवरचाच पासवर्ड टाकला असेल. गेस्टवरून आतलं काही दिसत नाही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) आत आहे. मालकांना आतल्या वायफायवर घ्या, ते पाहुणे नाहीत.