मदत हवी आहे: व्हिसलिंग वूड्स या फिल्म स्कूलमध्ये साऊंड शिकलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. भाच्याला साऊंड डिझाइन, म्हणजे सिनेमातल्या आवाजाचं काम, शिकायचंय. पुण्याच्या एफटीआयआयची (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) प्रवेश परीक्षा यंदा हुकली, म्हणून आता गोरेगावच्या फिल्मसिटीतलं, सुभाष घईंनी २००६ मध्ये सुरू केलेलं व्हिसलिंग वूड्स डोक्यात आहे. खासगी म्हटल्यावर फीचा आकडा ऐकून भाऊजी गप्पच झालेत.

तिथे शिकलेलं कुणी आहे का? मिक्सिंगच्या स्टुडिओत मुलांना स्वतः बसायला किती मिळतं, की नुसतं मागे उभं राहून बघायचं? बाहेर पडल्यावर पहिलं काम ओळखीनेच मिळतं का? शैक्षणिक कर्ज कुणी काढलं असेल तर बँकेने तारण मागितलं का, तेही सांगा. 'इंजिनिअरिंग कर म्हणावं' हा सल्ला मात्र घरात रोज मिळतोय, तो नको.