सोलर पंप वाटून झाले, पाण्याचा हिशोब कोण ठेवन?

संत्रावाला:
सरकार एकीकडे शाश्वत विकास म्हणते अन् दुसरीकडे मागेल त्याले सोलर पंप. पंपाच्या किमतीचे १० टक्के भरा, एससी-एसटी असाल तं ५, पाच एकराच्या वर वावर असलं की साडेसात एचपी. योजना चांगली हाय, नाई म्हणत नाई. पण आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-मोर्शीत, बोअर आठशे-हजार फुटावर गेले अन् आता बिलही नाई, मंग ऊन हाय तवर मोटर बंद कोण करन? २००९ चा भूजल कायदा हाय, सरकारनं अधिसूचित केलेल्या भागात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हंजे दोनशेक फुटाच्या, खाली बोअर घ्याले बंदी. बोअरची गाडी काय लपून येते काय, गावभर धुरळा उडते, कोणी अडवलेली पाह्यली का?

रातपाळी:
भाऊ, बाग उभी झाल्यावर सुचते हे. आमच्याइकडे लाइन रात्रीची. हरभऱ्याले ओलित कराले हातात बॅटरी घेऊन जा लागते, पायाखाली साप अन् धुऱ्यावर डुकरं. दिवसा पाणी द्याले भेटते तं तुम्ही हिशोबासाठी त्याच्यावर मीटर लावाले निघाले. कोरडवाहूवाल्यानं काय पाप केलं?

संत्रावाला:
मीटर नको तं ठिबकची अट टाका.

काळीमाती:
ठिबकनं काय होते सांगू का, सबसिडीत नळ्या आल्या, पाणी वाचलं, वाचलेल्या पाण्यात अजून दोन एकर संत्रा लावला. उपसा हाय तितकाच 😄

गडचिरोलीवाला:
सरकारनं पाण्याचा अधिकार गावाले द्यावा. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाले २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क भेटला, तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी २०११ पर्यंत भांडा लागलं, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तवा कुठं पास हातात पडले. आता किती अन् कसा तोडाचा ते ग्रामसभा ठरवते.

काळीमाती:
जंगल सगळ्याईचं हाय हो. बोअर सातबाऱ्यावर असते. ग्रामसभेत सख्ख्या चुलतभावाले म्हणून पाहा, तुहा बोअर बंद कर म्हणून. लग्नाची पत्रिका येणं बंद होईन.

गडचिरोलीवाला:
म्हणूनच तं सरकार लागते! वाईटपणा त्यानं घ्यावा, हिशोब गावानं ठेवावा. त्या भूजल कायद्यातच पाणलोटाची समिती लिहून हाय, ते तं बसवा.

रातपाळी:
बसवा न, कोण नाई म्हणते. पण पहिली नोटीस हजार फुटवाल्याले द्या, माह्या चाळीस फुटाच्या विहिरीपासून सुरू नका करू. अन् सोलरचा फॉर्म मी भरणारच हावो.