मदत हवी आहे: दोन वायनरी, जेवण आणि डोंगररस्ता, दिवसाचा क्रम कसा लावावा?

नमस्कार मंडळी, चौघांची एका दिवसाची गाडीसहल ठरते आहे. दोन वायनरी, एक निवांत जेवण, मध्ये वळणावळणाचा डोंगररस्ता. गाडी चालवणारा वाइनला हात लावणार नाही, हे पक्कं. वायनरीत चाखायला दिलेले ४० मिलीचे पाच नमुने म्हणजे २०० मिली वाइन, १२.५ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. ते उतरायला दोन-तीन तास सहज लागतात आणि कॉफीने त्यात काही फरक पडत नाही.

अडतंय ते क्रमावर. पहिली वायनरी सकाळी अकराला, तेव्हा जीभ ताजी असते. रिकाम्या पोटी वाइन लवकर चढते, म्हणून आधी नाश्ता हवाच. तो तिखट मात्र नको, नाहीतर हलक्या पांढऱ्या वाइनची चव कळतच नाही. जेवण दोन्हींच्या मध्ये ठेवावं की दुसरीनंतर? मध्ये ठेवलं तर भरल्या पोटी वळणं येतात आणि मागे बसणाऱ्यांना गाडी लागते. नंतर ठेवलं तर जेवायला तीन वाजतात. परतीचा रस्ता पश्चिमेकडे आहे, म्हणजे उशीर झाला की ऊन थेट डोळ्यांवर.

दुसरा प्रश्न बाटल्यांचा. उन्हातली बंद गाडी भट्टीसारखी तापते. वाइन प्रसरण पावून बूच वर सरकतं, चव शिजल्यासारखी होते. आइसबॉक्स पुरेसा होतो का, की खरेदी शेवटच्या थांब्यावरच करावी? अशी सहल केलेल्यांनी कृपया वेळांसकट सांगा.