मदत हवी आहे: तेल तापलं की कॉम्पॅक्टरची प्लेट अर्ध्यात थांबते

नमस्कार मंडळी. सोलापुरातला कचऱ्याचा कॉम्पॅक्टर आहे. पीटीओवर (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) गिअर पंप, टाकीत ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल. सकाळी गेज १७० बार दाखवतो, प्लेट दणक्यात दाबते. दुपारी दुसऱ्या खेपेला तेल तापलं की काटा १२० च्या वर जात नाही आणि ओल्या कचऱ्यावर प्लेट अडते. इंजिन रेस केलं की थोडी हलते, म्हणून संशय पंपावर: गिअर-बॉडीतली फट वाढून पातळ तेल आतल्या आत फिरत असणार.

सक्शन जाळी धुतली, रिटर्न फिल्टर नवा टाकला. तेलाला फेस नाही, पंपाचा आवाज नाही. सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर काढून रॉडकडचा होज सोडला, मागून दाब दिला. टिपूसही आला नाही, म्हणजे पिस्टन सील ठीक.

उरले पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारी झडप). फ्लो मीटर नाही. पंपाची लाइन व्हॉल्व्ह ब्लॉकआधी बंद करून दाब बघा म्हणतात, पण रिलीफ ब्लॉकमध्येच आहे. तसं केलं तर पंप फुटायचा! रिलीफची टाकीकडची लाइन हाताला जास्त गरम लागली तर दोष तिथलाच धरायचा का? नवा पंप मागवण्याआधी कुणी दुसरी खात्रीची चाचणी सांगेल का? १०० नंबरचं जास्त घट्ट तेल ओतून वेळ मारून न्यायची नाही.