मदत हवी आहे: सक्ती नसताना परिषदेला जावं का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय, चौथं वर्ष. विषय सड्यांवरच्या (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळांवरच्या) गेंद या रानफुलाच्या बियांची उगवण. सोबत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टीत पैसे नाहीत.

बेंगळुरूच्या तीन दिवसांच्या परिषदेत माझं पोस्टर घेतलंय. नोंदणी, उद्यान एक्स्प्रेसचं तिकीट, राहणं धरून साडेनऊ हजार होतात. गाइड म्हणतात, "आता कशाला? त्यापेक्षा चौथं प्रकरण संपव." यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी परिषदांमध्ये दोनदा पेपर वाचणं सक्तीचं होतं, २०२२ च्या नियमांत ती अट निघाली. त्यामुळे कागदोपत्री मला गरज नाही, हे खरंच आहे.

एम.एस्सी.ला असताना एका परिषदेत पेपर वाचला होता. एकाच दिवसात इतिहासापासून नॅनोपर्यंत सगळे विषय, प्रत्येकाला पाच मिनिटं, वाचून झालं की जो तो प्रमाणपत्राच्या रांगेत. माझा नंबर आला तेव्हा समोर अध्यक्ष आणि पुढचे तिघं. फार वाईट वाटलं होतं.

पण गेल्या वर्षी इथेच एका छोट्या परिषदेत पोस्टर लावलं. एक निवृत्त बाई आलेखासमोर बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बी गोळा केल्यावर किती दिवसांनी पेरलंस गं?" एका सड्याचं बी मी ताजं पेरलं होतं, दुसऱ्याचं तीन महिने कागदी पाकिटात पडून होतं. कोरड्या साठवणीत बऱ्याच बियांची सुप्तावस्था (बी जिवंत असूनही न उगवणं) कमी होत जाते, आणि मी दोन सड्यांच्या उगवणीतला फरक मातीचा धरून बसले होते! दोन्ही सारखीच सुकवून पुन्हा पेरली, तर फरक जवळजवळ उरलाच नाही. गाइडना आणि मला दोघांनाही हे दोन वर्षं दिसलं नव्हतं.

म्हणून जीव अडकलाय. शेवटच्या टप्प्यात एवढा खर्च कोणी केलाय का? तिथे ओळखीचं कोणी नाही, नीट बघणारी माणसं पोस्टरपर्यंत येतील कशी?

मुठाकाठ: जा. पोस्टरपाशी वाट बघत उभी राहू नकोस मात्र. कार्यक्रमपत्रिका आली की बियांवर काम करणारे दोघं-तिघं हेर आणि आठवडाभर आधी मेल टाक: अमुक वेळी पोस्टरपाशी आहे, अमुक एक कोडं सुटत नाहीये. कोडं नेमकं लिही, "मार्गदर्शन करावे" नको. आणि आयोजकांना विद्यार्थी सवलत, वसतिगृहातली सोय आजच विचार.

धागाकर्ती: खूप आभार. आयोजकांना आत्ताच लिहिलं. एका सड्याचे आकडे अजूनही जुळत नाहीत. तो तक्ता पोस्टरवरच टाकू, की वेगळा छापून हातात ठेवू?